हापसा कोणत्या वस्तीत बसवायचा?

नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात १९६२ ते १९६६ या काळात एक तरुण डॉक्टर जोडपं राबत होतं. दवाखान्याचं नाव होत चाललं होतं आणि लांबलांबच्या खेड्यांतून पेशंट येत होते. जुलाबांनी सुकून गेलेलं मूल यायचं, त्याला सलाईन लागायचं, दोन दिवसांत ते डोळे उघडून आईला शोधायचं. आई त्याला कडेवर घेऊन घरी जायची. घरी तोच आड, तेच गढूळ पाणी, तीच निम्मी रिकामी भाकरीची टोपली. काही आठवड्यांनी तेच मूल तशाच अवस्थेत पुन्हा दवाखान्याच्या दारात दिसायचं. कधी दिसायचंही नाही, आणि मग काय झालं असेल ते डॉक्टरांना कळायचं.

त्या जोडप्यातले डॉ. रजनीकांत आरोळे राहुरीचे. जन्म १९३४ चा, आई-वडील दोघंही शिक्षक. डॉ. मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. त्यांचे वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयात ग्रीक शिकवत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघांची गाठ पडली. १९६० साली लग्न केलं तेव्हाच, आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी खर्च करायचं हे दोघांनी ठरवलं होतं. वडाळ्यात त्यांनी तो शब्द पाळला. तरीही चार वर्षांनंतर त्यांना एक गोष्ट बोचत होती. दवाखान्याच्या भिंतींच्या आत माणसं बरी होत होती आणि भिंतींच्या बाहेरच्या गावांत मरणाचं प्रमाण तसूभरही हललं नव्हतं. जे आजार दारात येत होते त्यांतले बहुतेक मुळात व्हायलाच नको होते.

ही खंत घेऊन दोघं अमेरिकेला गेले. तिथे पुढचं वैद्यकीय शिक्षण घेतल्यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे त्यांना कार्ल टेलर भेटले. टेलर मसुरीत जन्मलेले, भारतातल्या खेड्यांत वाढलेले, पंजाबात नारंगवालला गावपातळीवर आरोग्याचे प्रयोग करणारे. त्यांच्या हाताखाली आरोळे दांपत्याने आपल्या कामाचा आराखडा मांडला. आधी रुग्णालय आणि मग जमलं तर गाव, हा नेहमीचा क्रम त्यांनी उलटा केला. सगळ्यात खाली गाव, त्याच्यावर गावोगाव फिरणारं पथक आणि सगळ्यात शेवटी एक छोटं, साधं रुग्णालय. अमेरिकेत दोघांनाही उत्तम जागा मिळू शकल्या असत्या. १९७० साली दोघं परतले ते थेट नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जामखेडला.

जामखेड तालुका बालाघाटच्या कुशीतला, बीड आणि धाराशिवला लागून असलेला, पावसाने कायम हुलकावणी दिलेला. इतिहासाला हा भाग अनोळखी नाही. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा याच तालुक्यात आहे. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी, तेही इथलंच. देशभर घाट आणि विहिरी बांधून वाटसरूंची तहान भागवणारी ही बाई ज्या मातीतली, त्या मातीत १९७० साली दलित बाईला गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. ती काठावर घागर घेऊन बसायची आणि कुणी वरून पाणी ओतेल याची वाट बघायची. ही गोष्ट आरोग्याच्या लेखात का सांगायची, हे पुढे कळेल.

गावातल्या पुढाऱ्यांनी बोलावलं, जागा देऊ केली. जनावरांच्या दवाखान्याची एक जुनी, टाकून दिलेली इमारत मिळाली. तिथे सप्टेंबर १९७० मध्ये काम सुरू झालं. आरोळ्यांनी त्याला नाव दिलं 'समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प'. सुरुवातीला आठ गावं आणि सुमारे १० हजार लोकवस्ती एवढाच पसारा होता.

पहिल्या पाहणीत जे हाती आलं ते अंगावर काटा आणणारं होतं. जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. त्या वर्षी, १९७१ मध्ये, देशाची सरासरी १२९ होती. लसीकरण आणि बाळंतपणाआधीची तपासणी शेकडा एकाच्याही आत. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ४० टक्के कुपोषित.

या आकड्यांमागे एक साखळी होती आणि ती माजघरात सुरू होत होती. घरात बाई सगळ्यात शेवटी जेवायची, उरलंसुरलं खायची. दिवस गेले की तिने अजून कमी खावं अशी समजूत होती. पोटातलं बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल ही भीती. रक्त कमी, अंगात ताकद नाही, अशा बाईच्या पोटी बाळ दोन किलोच्या आसपासचं जन्माला यायचं. नाळ विळ्याने किंवा हाताशी असेल त्याने कापली जायची, त्यातून धनुर्वात. पहिला चीक खराब म्हणून पिळून टाकला जायचा, म्हणजे बाळाला आईकडून मिळणारी पहिली लसच मातीत जायची. जुलाब लागले की पाणी तोडायचं. गोवर आला की देवी आली म्हणायचं. कुपोषित मुलाच्या आतड्यांचं अस्तर आधीच झिजलेलं असतं, जुलाबांनी ते आणखी झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि पुढचा आजार वाट बघतच असतो. अशा मुलाला गोवर आला की तो न्यूमोनिया किंवा आंधळेपणा सोबत घेऊन येतो.

आणि मूल गेलं, तर? पाचवीला सटवाईने कपाळावर लिहिलं होतं तेवढंच आयुष्य घेऊन ते आलं होतं. ज्या आईने चार मुलं पुरली आहेत तिला या समजुतीने जगायला बळ दिलं असेल. पण पाचव्या मुलासाठी धडपड करण्याचं बळही त्याच समजुतीने काढून घेतलं. जामखेडच्या मृत्यूदरात सटवाईचा वाटा गढूळ पाण्याइतकाच होता.

आरोळ्यांनी पहिल्यांदा केलं ते कुणीही केलं असतं. प्रशिक्षित नर्सबाईंना गावात राहायला पाठवलं. ते साफ फसलं. तरुण, एकट्या, बाहेरगावच्या मुली. रात्री त्यांना गावात सुरक्षित वाटेना आणि दिवसा गाव त्यांचं ऐकेना. बिनलग्नाच्या पोरीकडून बाळंतपणाचं शहाणपण कोण घेणार? मग विचार आला तो गावातल्याच बाईचा. मध्यमवयीन, पोरंबाळं असलेली, गाव सोडून न जाणारी. गावाने निवडून द्यायची. निवडून आल्या त्या बहुतेक निरक्षर होत्या. त्यांत दलित बाया होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, शेतमजुरी करणाऱ्या होत्या. डॉक्टर मंडळींना हे पटणं सोपं नव्हतं. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही ती न्यूमोनिया कसा ओळखणार?

माझ्या मते जामखेडच्या कथेचा कणा इथे आहे.

या बाया आठवड्याला जामखेडला येऊ लागल्या, मुक्कामाने. पहिला धडा जंतूंचा नव्हता, आहाराचाही नव्हता. पहिला धडा होता आपलं नाव सांगण्याचा. विचारलं की त्या सांगायच्या, मी अमक्याची आई, तमक्याची बायको, नाही तर नुसतीच मान खाली. स्वतःचं नाव चारचौघांत मोठ्याने उच्चारायची वेळ आयुष्यात कधी आलीच नव्हती. मान वर करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून नाव सांगायला काहींना कितीतरी दिवस लागले. मग घरचं बोलणं सुरू झालं: कुणाला नवरा मारतो, कुणाची सवत आहे, कुणाच्या पोरीला सासरहून परत पाठवलंय. मेबल तासन्‌तास ऐकत बसायच्या. ज्या बाईला स्वतःचाच जीव कवडीमोलाचा वाटतो, ती शेजारणीचं मूल वाचवायला रात्री दोन वाजता उठणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

जेवण एका पंगतीत, अंथरूण एका खोलीत. मराठ्याची बाई, महाराची बाई, मांगाची बाई. पहिल्यांदा कुरबुर झाली, वेगळं ताट मागून झालं. पण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणि तपासणीत जे दिसत होतं ते सगळ्यांना सारखंच दिसत होतं. रक्त सगळ्यांचं एकाच रंगाचं, पोटातलं बाळ सगळ्यांचं एकाच जागी. शरीराची ओळख हाच जातीविरुद्धचा पहिला तास झाला.

आणि मग शिकवणं. चित्रं, गाणी, नकला. मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजायचा. पट्टीवरचा रंग सांगतो मूल वाळत चाललंय की नाही, त्यासाठी अक्षर लागत नाही. न्यूमोनियासाठी मुलाची छाती उघडी करून श्वास बघायचा; बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय का, श्वास किती झपाझपा चाललाय. जुलाबाला मीठ, साखर आणि पाणी, आणि अंगावरचं दूध चालूच. गरोदर बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. पहिल्यांदा जेव्हा या बायांनी ते ठोके स्वतःच्या कानाने ऐकले असतील, तो क्षण कुठल्याही पदवीदान समारंभापेक्षा मोठा मानावा असा आहे. बाळंतपणाच्या पिशवीत निर्जंतुक ब्लेड, दोरा, साबण. कोणत्या बाईला जामखेडला न्यायलाच हवं, हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय एक पक्का नियम होता. शिकलेलं लपवून ठेवायचं नाही. ज्या घरी जाल तिथल्या सासूला, सुनेला, पोरीला ते शिकवून यायचं.

गावात परतल्यावर त्यांना कुणी हार घातले नाहीत. दलित बाई उंबऱ्याच्या आत येणार, मुलाला हात लावणार, हे पचणारं नव्हतं. काहींना दारातूनच परत पाठवलं गेलं. पण आधी त्यांच्या वस्तीतली पोरं टिकू लागली. तापाने फणफणलेलं मूल बरं झालं, अडलेली बाई वेळेवर जामखेडला पोहोचली आणि दोन जीव घेऊन परत आली. हे कुणापासून लपत नाही. मग रात्री-अपरात्री पाटलाच्या घरातूनही बोलावणं येऊ लागलं. देवऋषी एकदम हटले नाहीत. कितीतरी वर्षं अंगारा आणि मीठ-साखरेचं पाणी एकाच घरात नांदले, आणि या बायांनी त्यावर वाद घातला नाही. अंगारा लाव, पण पाणी पाज, एवढाच आग्रह धरला.

काम रुळतंय तोवर १९७२ उजाडलं. त्याआधीचा पाऊसही बेताचा होता, त्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना सुकडी आणि मिलोची लाल ज्वारी अजून आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं खडी फोडायला, नालाबंडिंगला दुष्काळी कामांवर होती. जामखेडमध्ये डॉक्टरांनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवला. भुकेल्या मुलाला टॉनिक देण्यात अर्थ नव्हता. गावोगाव सामूहिक स्वयंपाकघरं सुरू झाली. गावाने जागा दिली, सरपण दिलं, बायांनी रांधलं. आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, कारण चूल एकच होती.

मग पाण्याचा प्रश्न आला, आणि जामखेडच्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी पाऊल पडलं. बोअर घेण्यासाठी मदत मिळाली, यंत्र आलं. हापसा कुठे बसवायचा? रिवाजाप्रमाणे तो चावडीपाशी, देवळापाशी, मोठ्या वस्तीत बसला असता. आरोळ्यांनी भूगर्भ जाणणाऱ्या माणसांना दलित वस्तीत जागा शोधायला लावलं आणि जिथे जमेल तिथे बोअर तिथेच घेतलं. पाणी लागलं. आता ज्याला स्वच्छ पाणी हवं त्याने दलित वस्तीत यावं. काही घरांनी सुरुवातीला तोंड फिरवलं, पण मे महिन्यातला दुष्काळ कुणाची वाट बघत नाही. काही दिवसांतच घागरींच्या रांगेत सगळ्या जातींच्या बाया दिसू लागल्या.

याचा परिणाम दोन बाजूंनी झाला. जमिनीच्या खोलातलं पाणी आल्याने जुलाब, पटकी, पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरल्याने होणारा नारू, यांची वाट बंद झाली. आणि जी बाई काल काठावर बसून पाणी ओतण्याची वाट बघत होती, तिच्या दारातून आज गाव पाणी नेत होतं. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. त्या बाईच्या मुलाचं वजन वाढलं ते पाण्याने की तिच्या ताठ झालेल्या मानेने, हे कुठल्याही तराजूवर मोजता येणार नाही. अशा हातपंपांच्या इतिहासात या दुष्काळी पट्ट्याचं आणखी एक देणं आहे. जालना आणि सोलापूरकडच्या कार्यशाळांनी या काळात टिकाऊ पंप घडवले. त्यातल्या सोलापूर पंपावरून पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला आणि तो आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य गावांत पोहोचला.

पुरुषांना कसं आणायचं? व्याख्यानाला कुणी येत नव्हतं. तेव्हा व्हॉलीबॉलची जाळी लागली. संध्याकाळी पोरं खेळायला जमू लागली, जातपात विसरून एका संघात उभी राहिली, आणि खेळ झाल्यावर गप्पा निघाल्या. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. बांध, झाडं, बियाणं, नाल्या असा विषय वाढत गेला. गावाने निवडलेली ही बाई, म्हणजे आरोग्य सेविका, घरात सांगत होती तेच मंडळातला नवरा बाहेर बोलू लागला, म्हणून घरात बायकोला दूध-भाजी मिळू लागली. पुढे महिला मंडळं आली, बचत आली, लहानसं कर्ज आलं. कुणी शेळ्या घेतल्या, कुणी बांगड्या विकल्या. स्वतःच्या हातात चार पैसे आल्यावर बाई मुलासाठी आधी खाणं आणते, हे जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी नंतर लिहिलं. जामखेडच्या बाया ते तेव्हाच करत होत्या.

कुष्ठरोग्यांची गोष्टही इथेच सांगायला हवी. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे गावाबाहेर वसाहत. जामखेडने त्यांना गावातच, घरातच ठेवून औषध दिलं. बधिर झालेल्या हातापायांना जखम होऊ नये म्हणून काय करायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवलं. घराबाहेर काढलं जाईल या भीतीने माणूस चट्टा लपवतो आणि लपवलेला चट्टाच बोटं खातो. ती भीती गेली की माणूस वेळेवर येतो, आणि वेळेवर आला की बरा होतो.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७६ पर्यंत बालमृत्यूचा आकडा हजारी १७६ वरून ५२ वर आला. गावं लहान असली की आकडे वर्षागणिक हेलकावे खातात, त्यामुळे एकेका आकड्यावर फार भार टाकू नये. पण घसरण नुसत्या योगायोगाने यावी एवढी लहान नव्हती. पुढची दहा वर्षं मात्र हा आकडा जवळपास अडून राहिला. १९८६ मध्ये तो ४९ होता. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातलं मरण हटवणं सगळीकडेच सर्वांत चिवट ठरलं आहे. त्या कोड्याला पुढे गडचिरोलीत हात घातला तो डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. तेही जॉन्स हॉपकिन्सहूनच परतले होते. गावातल्या बाईलाच नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लान्सेट' या नियतकालिकात आला. तोवर जामखेडचा आकडाही बराच खाली उतरला होता.

जामखेडची बातमी बाहेर गेली ती जिनिव्हामार्गे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने या कामाला बळ दिलं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं कार्यालय त्याच शहरात होतं. केनेथ न्यूवेल यांनी १९७५ मध्ये संपादित केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अल्माअटा इथे जगभरच्या सरकारांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला. त्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचा आधार होता त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत जामखेडच्या आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की डॉक्टर असे असतात, सुंदर आणि महाग. आणि मी पणतीसारखी, स्वस्त, पण एका पणतीने दुसरी लावता येते. मोठमोठ्या संस्थांचे अधिकारी समोर बसले होते. ज्या बायांना काही वर्षांपूर्वी स्वतःचं नाव सांगताना मान वर करता येत नव्हती, त्यांच्यातलीच एक तिथे उभी होती. या अंतराला मी वैद्यकशास्त्राचंच यश मानतो.

सरकारने नक्कल केली, आणि कशाची केली ते बघण्यासारखं आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला केंद्राने देशभर गावआरोग्यसेवकाची योजना सुरू केली. नेमणुका झाल्या त्या बहुतेक पुरुषांच्या. थोडं प्रशिक्षण, औषधांची पेटी, मानधन. गावाने निवडणं नावापुरतं राहिलं आणि पेटी उरली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही चूक काही अंशी सुधारली. 'आशा' ही आरोग्य कार्यकर्ती गावातलीच बाई हवी, हे ठरलं. त्यामागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव होता.

जामखेडने सगळं जिंकलं असं म्हणणं खोटं ठरेल. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच तालुक्यातल्या खर्ड्यात एका १७ वर्षांच्या दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी तो बोलला, हा संशय त्यामागे होता. हापशावर एकत्र पाणी भरणाऱ्या पिढीच्या नातवंडांच्या काळात हे घडलं, हे लिहिताना हात जड होतो. प्रकल्प तालुक्यातल्या सगळ्या गावांपर्यंत पोहोचला नव्हता, आणि जात ही लस टोचून जाणारी गोष्ट नाही. तरीही जिथे काम मुरलं तिथे ते टिकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण असे फरक वजा करूनही प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत मे २०११ मध्ये. त्यांची मुलं, डॉ. शोभा आणि रवी, यांनी काम पुढे नेलं. देशोदेशीचे कार्यकर्ते जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवतात त्या याच गावांतल्या बाया.

सरकारच्या आशा ताईंचं सुरुवातीचं प्रशिक्षण मात्र २३ दिवसांचं ठरवलं गेलं, टप्प्याटप्प्याने. मोबदला कामागणिक: लसीकरणाचा इतका, दवाखान्यातल्या बाळंतपणाचा इतका. जामखेडच्या बाया वर्षानुवर्षं आठवड्याला येत राहिल्या. त्यांचं प्रशिक्षण संपलं असं कधी कुणी जाहीर केलं नाही, आणि त्या वर्गात आजाराइतकंच बाईच्या घरचं बोलणं व्हायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. मागण्यांत मानधनवाढ होती, दिवाळीचा बोनस होता, आणि ऑनलाइन कामाची सक्ती थांबवा हीही मागणी होती. या तिन्ही मागण्या न्याय्य होत्या. ज्या राज्यात जामखेड घडलं त्या राज्याच्या आरोग्य खात्याने चौथी गोष्ट आपण होऊन द्यायला हवी होती: आठवड्यातला एक दिवस, ज्या दिवशी या बाया एकत्र बसतील, एकत्र जेवतील आणि त्यांचं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेईल.